सुखरामची डावी बाजू

मी गाडी बोलते आहे. फार लांबण लावणार नाही, कारण थकले आहे. गोंदियाजवळ फुलचूरला, माझे मालक केशोराव यांच्या घरामागे जो मोकळा प्लॉट आहे, तिथे टिनाच्या कुंपणाला टेकून मी उभी असते. तेरा सीटांची, कधीकाळी पांढरी. मला काय झालं ते सांगायचं म्हणजे माझ्या ड्रायव्हरचं, सुखरामचंच सांगावं लागतं. माझं वेगळं असं आयुष्य फारसं नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या सीटांवर प्लास्टिक होतं. केशोराव मला घ्यायला नागपूरला आले, सोबत सुखरामला घेऊन. तो तेव्हा चाळिशीचा होता. आत बसला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आणि किल्ली न लावताच थोडा वेळ बसून राहिला. मग केशोरावांना म्हणाला की चालते जी, चांगली हाय. त्या दिवसापासून दुसऱ्या कोणी मला चालवलेलं त्याला आवडत नसे.

मी काय काय वाहिलं! कामठ्याच्या वराती, दरेकशाच्या जंगलाकडची जत्रा, शाळेच्या सहली, नागपूरच्या दवाखान्यात नेलेले पेशंट आणि त्यांच्या मांडीवरचे डबे. माणसं गाडीत बसली की खिडकीसाठी भांडतात आणि खिडकी मिळाली की झोपतात. घरी कधी एका खाटेवर न बसणारी दोन माणसं माझ्यात एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून घोरतात. उतरताना मागे काही राहिलं का म्हणून सगळे बघतात, आणि काहीतरी राहतंच. सुखराम ते गोळा करून पुढच्या कप्प्यात ठेवायचा आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचा.

अशी वर्षं गेली. माझे स्प्रिंगचे पाटे बसले, सीटा फाटल्या. सुखरामचे केस पिकले. आणि शेवटच्या दोन वर्षांत माझ्या डाव्या अंगाला एकेक खूण होऊ लागली. आधी आरसा गेला. मग गेटच्या खांबानं दाराजवळची पट्टी ओरबाडली. एकदा बैलगाडीचं जू लागलं, एकदा लग्नमंडपाचा बांबू. उजवी बाजू जशीच्या तशी. केशोराव म्हणायचे, रस्ते अरुंद झालेत. सुखराम मान हलवायचा. पण त्याची मान मला ठाऊक होती. पूर्वी तो नुसते डोळे फिरवून डावीकडे बघायचा, आता सगळी मान वळवून बघायचा. आणि वळवायला विसरला की मला लागायचं.

मला समजलं होतं. पण मी कोणाला सांगणार?

गेल्या डिसेंबरात कामठ्याचे चैनलाल केशोरावांकडे आले. धान कापून, मळून घरी आलं होतं. चैनलाल पोवारांच्या जुन्या घरातले, सत्तरीचे. सगळा जन्म त्यांनी गुडघाभर चिखलात काढला. नातीनं, खुशीनं, त्यांना मोबाइलवर कच्छचा मुलूख दाखवला होता, कोरडा, झाड नाही, पाणी नाही, आणि मधूनच जमीन फाटून खोल गेलेल्या रंगीत दगडांच्या घळी. म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं. पाणी नसलेली जमीन एकदा डोळ्यांनी पाहायची. त्यांची बायको गिरजाबाई, सून रविता, खुशी आणि भाऊबंदांतली मंडळी मिळून अकरा जण निघाले. मुलगा वीरेंद्र नागपूरला नोकरीला होता, त्याला सुटी मिळाली नाही.

केशोरावांनी दुसरी, नवी गाडी देऊ केली, दुसरा ड्रायव्हरही. चैनलाल म्हणाले की माझ्या तिन्ही पोरींच्या वराती सुखरामनं आणल्या, तोच पाहिजे. सुखराम तिथेच उभा होता. नाही म्हणायला तेवढीच वेळ होती. तो हो म्हणाला.

रविताला मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती पुढे, सुखरामच्या डाव्या हाताला बसली. घरचा ट्रॅक्टर आणि कार दोन्ही तीच चालवायची, त्यामुळे तिचे डोळे रस्त्यावरच असत. अमरावतीच्या पुढे ती एकदा सहज म्हणाली, काका, डावीकडं मोटरसायकल आहे. धुळ्याच्या अलीकडे पुन्हा म्हणाली. गुजरातेत शिरेपर्यंत तिचं हे चालूच झालं. डावीकडं सायकल, डावीकडं गाय, डावीकडं खड्डा. सुखराम दरवेळी हो बाई म्हणायचा. त्याला राग येत नव्हता, याचंच तिला नवल वाटलं असावं, कारण मध्येच ती त्याच्याकडे बघत राहायची. मागे अंताक्षरी चालली होती. पुढे ही दोघं एका जोडी डोळ्यांनी गाडी चालवत होती.

भुजच्या पलीकडे गवताळ माळावर जुमाभाईंचा वाडा होता. हे मालधारी, म्हणजे पिढ्यानपिढ्या जनावरं पाळणारे. शंभरावर म्हशी, थोडे घोडे, आणि पाहुण्यांना राहायला मातीची गोल घरं. कामठ्याची मंडळी तिथे पोचली आणि घरी आल्यासारखी म्हशींभोवती जमली. गिरजाबाईंनी तर एकीच्या पाठीवर हात ठेवून जुमाभाईंना कितवं वेत, किती वेळा व्यायली, ते विचारलं. ते हिंदीत, ह्या मराठीत, आणि म्हशीच्या बाबतीत दोघांचं एकमेकांना सगळं कळलं.

घळीकडे जायचा रस्ता कच्चा होता. जुमाभाईंनी बजावलं की मोठी गाडी गावातच ठेवा, पुढे माझ्या पिकअपमधून सोडतो, दोन फेऱ्यांत होईल. चैनलालांना गुडघ्यामुळे उघड्या पिकअपमध्ये चढवत नव्हतं. त्यांनी सुखरामकडे पाहिलं.

"जाते जी आपली गाडी," सुखराम म्हणाला.

मी जात होते. दगडांवरून, हळूहळू. चारच्या सुमाराचं ऊन समोरून येत होतं. उजवीकडे खडक, डावीकडे रस्त्याची कड, आणि कडेखाली घळीला मिळणारा ओढा, कोरडा, दोन पुरुष खोल. रविता त्या वेळी मागे वळून खुशीला पाण्याची बाटली देत होती. तेवढ्यात माझं डावं पुढचं चाक कडेच्या बाहेर गेलं.

दगड निसटला. मी पोटावर आपटले आणि तिरकी होऊन थांबले. चाक हवेत फिरत राहिलं. आत किंकाळी झाली. गिरजाबाई डाव्या खिडकीशी होत्या. त्यांचं कपाळ काचेवर आदळलं आणि रक्त आलं.

माझं दार डावीकडे, आणि डावीकडे ओढा. सुखरामनं ब्रेक दाबून धरला. पाय काढला असता तर मी सरकले असते. रवितानं त्याच्या अंगावरून चढून उजव्या दारानं बाहेर उडी मारली, मागचं दार उघडलं आणि एकेकाला उतरवलं. सर्वांत शेवटी चाकांना दगड लावले, तेव्हा सुखरामनं पाय उचलला.

गावातल्या ट्रॅक्टरनं मला ओढून काढलं. गिरजाबाईंच्या कपाळाला टाके पडले. घळ कोणी पाहिली नाही.

संध्याकाळी वाड्याच्या अंगणात सगळे बसले. मी बाजूलाच उभी होते. चैनलालांनी विचारलं की झालं कसं. सुखराम मान खाली घालून होता.

"स्टेरिंग ओढून रायली जी डावीकडं," तो म्हणाला. "म्हातारी झाली गाडी."

इतक्या वर्षांत मला लोकांनी खूप नावं ठेवली होती. डबडं म्हणाले, खटारा म्हणाले. त्याचं काही वाटलं नाही. हे वाटलं. मग सगळेच बोलायला लागले की अशी गाडी एवढ्या लांब आणायचीच नव्हती, केशोरावानं फसवलं. सुखराम कोणालाच थांबवत नव्हता. रविता त्याच्याकडे पाहत होती.

सकाळी जुमाभाईंनी मेकॅनिक बोलावला. तो माझ्याखाली शिरला, सगळं हलवून पाहिलं, वाकलेली रिम ठोकली आणि बाहेर येऊन सांगितलं की स्टेअरिंगमध्ये काही बिघाड नाही, गाडी सरळ चालते. चैनलालांच्या कपाळावर आठी पडली. सुखराम उठून माझ्या डाव्या बाजूला आला, जिथून तो कोणाला दिसणार नव्हता. रविता त्याच्या मागोमाग आली.

"काका, डाव्या डोळ्यानं दिसत नाही न तुमाले?"

"दिसते न. समोरचं दिसते."

"अन् बाजूचं?"

सुखरामनं माझ्या पत्र्याला हात लावला. आरसा तुटला होता तिथपासून दारापर्यंत, पोच्यांवरून, ओरखड्यांवरून हात फिरवत गेला. इतक्या दिवसांत त्यानं ही बाजू नीट पाहिली नव्हती, किंवा पाहायचं टाळलं होतं.

"माह्या बापाची नजर गेली तं थो ओसरीत बसला," तो म्हणाला. "मरेपर्यंत ओसरीतच होता, बाई. कोणी त्याले काई विचारे नाही. मले तसं नाही बसायचं."

"अन् आमी मेलो असतो तं?"

तिनं हे रागानं विचारलं नाही, म्हणून ते त्याला जास्त लागलं असावं. रात्री चरायला गेलेल्या म्हशी तेवढ्यात परत येऊ लागल्या आणि अंगणात धूळ झाली. धूळ बसल्यावर सुखराम चैनलालांसमोर जाऊन उभा राहिला. सगळी मंडळी चहा पीत होती.

"गाडीत काई खराबी नाही, चैनलालभाऊ," तो म्हणाला. "खराबी माह्यात हाय. मी काल खोटं बोललो."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून डाव्या बाजूला धुकं आहे, आणि तो ते कोणाला बोलला नाही, घरी बायकोला, शामकलालाही नाही. चैनलालांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांनीच हट्टानं त्याला आणलं होतं. पट्टी बांधलेल्या गिरजाबाई मात्र उठल्या.

"माही नात होती गाडीत," त्या म्हणाल्या. "आधी काऊन नाही सांगितलं? घरी जाऊन पयले डोळे दाखव. मंग माह्याशी बोल."

कोणी त्याला माफ केलं असं म्हणता येणार नाही. पण कोणी पुन्हा मलाही नाव ठेवलं नाही. खिशातून किल्ली काढून सुखरामनं रविताच्या हातात दिली.

त्या दिवशी जुमाभाईंनी पिकअपमध्ये गादी टाकून चैनलालांना वर उचललं आणि मंडळी घळ पाहून आली. मी आणि सुखराम वाड्यावरच राहिलो. तिथे पाणी जपून वापरतात, म्हणून त्यानं मला कोरड्या फडक्यानं पुसलं. परत आल्यावर चैनलाल म्हणाले की तिथंबी पाणीच होतं कधीतरी, तो एवढा दगड पाण्यानंच कापलाय. जन्मभर पाण्याला कंटाळलेला माणूस हे सांगताना हसत होता.

परतीला रवितानं मला चालवलं. तिचा हात हलका होता आणि सुरुवातीला ती घाबरत होती. सुखराम तिच्या डाव्या हाताला बसला. मागचं चाक उशिरा वळते, वळण मोठं घे, असं एकदोनदा सांगितलं. नंतर त्याला सांगायची गरज राहिली नाही. बाजूनं गावं, शेतं, ढाबे जात होते. तो सरळ समोर बघत होता. नागपूर ओलांडून भंडाऱ्याकडचे धानाचे बांध दिसू लागले तेव्हा त्याला झोप लागली. मी चालत असताना तो झोपला, असं कधीच झालं नव्हतं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. उजव्या डोळ्यातही सुरुवात आहे, पण थेंब नेमानं घातले तर उरलेलं जपता येईल. आधी आला असता तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. शामकलानं त्या दिवशी चूल पेटवली नाही, असं मी केशोरावांच्या तोंडून ऐकलं. गिरजाबाईंचे टाके सुकले. पुढे एकदा त्या फुलचूरला आल्या, सुखरामच्या घरी गेल्या, आणि थेंब घालतोस का म्हणून विचारून आल्या. त्यांचं बोलणं तेवढंच झालं.

माझीही मुदत संपली. आरटीओकडून फिटनेसचा दाखला मिळाला नाही. आता माझ्या सीटा काढून आत मंडपाच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. पोटाखाली कुत्री निजतात. एका चाकाची हवा गेली आहे, ती कोणी भरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही भरून नको आहे. खूप चालले.

सुखराम ओसरीत बसला नाही. केशोरावांच्या दारात खुर्ची टाकून तो गाड्यांच्या फेऱ्या लावून देतो, कोणत्या पोरानं कुठे जायचं ते सांगतो. नव्या ड्रायव्हरला आधी डोळे दाखवून यायला पाठवतो. पोरं कुरकुर करतात. तो ऐकत नाही.

संध्याकाळी काम उरकलं की तो मागे येतो आणि माझ्या पायरीवर बसतो. कधी विडी ओढतो. अंधार पडायच्या आत शामकला बोलवायला येते आणि त्याला हाताला धरून नेते. तोही आता हात सोडवून घेत नाही.

केशोरावांनी भंगारवाल्याशी फोनवर बोलणं केलं आहे, ते मी ऐकलंय. माझी काही तक्रार नाही. ज्यानं न्यायचं त्यानं न्यावं, लोखंड आहे, कुठंतरी उपयोगी पडेल. फक्त एक सांगणं आहे. मला न्यायला याल तर सकाळी या. सकाळी तो पुढच्या दारात पोरांच्या गडबडीत असतो. संध्याकाळी तो पायरीवर बसलेला असेल, तेव्हा त्याला उठवू नका.