जळगाव गाडी, सर्व थांबे

सुकदेव नाना एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि धुळ्याच्या घरात त्यांना करमेना. पहाटे उठायचं, पण जायचं कुठे? अशात डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरनं कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू आणून दिलं. नानांनी त्याचं नाव लाल्या ठेवलं आणि घरात पुन्हा उजाडलं. उजाडलं ते नानांपुरतं. त्यांची बायको मंदाबाई, तिची मात्र त्याची शू पुसता पुसता कंबर मोडली.

पिल्लाला आज जेवढा वेळ शू धरवते, त्याहून उद्या जरासा जास्त वेळ धरायला शिकवायचं, इतकंच काय ते. पण नानांना मिनिटांचा हिशेब कधी जमलाच नाही. उभी हयात धुळे-जळगाव गाडीवर गेलेली, त्यांना वेळ कळायचा तो गावांनी. लाल्याला फिरवून आत आणलं की गाडी धुळ्याहून सुटली, असं धरायचं. फागणे यायची वेळ झाली की पुन्हा अंगणात. फागण्यापर्यंत घर कोरडं राहिलं की पुढच्या खेपेला मुकटी, मग पारोळा. दाराशी दोरीला एक घंटी बांधलेली. बाहेर नेताना ती एकदा वाजवायची, म्हणजे थांबा. काम झालं की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. आत आल्यावर डबल बेल, म्हणजे चला पुढे.

पारोळा जमला आणि नानांच्या डोक्यात हवा गेली. एरंडोल कशाला? आता थेट जळगाव, विनाथांबा!

त्या दुपारी मंदाबाईंनी बैठकीत गोधडी पसरली होती. सावद्याला दिलेली लेक ज्योत्स्ना, तिच्या होणाऱ्या बाळासाठी. नानांचे जुने खाकी शर्ट कापून गोधडीला किनार लावायची होती. लाल्या दाराशी कुंकूं करत घुटमळला. "बैस रे, आजून जयगाव नही ऊनं," नानांनी दटावलं. एरंडोलच्या आसपास लाल्यानं गोधडीच्या मधोमध गाडी थांबवली.

"बठ्ठी गोधडी वली करी टाकी!" मंदाबाई कडाडल्या. "आते हाई गोधडी पुरी व्हस तवलोंग एक थेंब जरी पडना ना, तर त्याले सोनगीरले भटूभाऊना मळामा धाडी दिसू!"

मंदाबाईंचं माहेर सोनगीर पडलं शिरपूरच्या रस्त्याला. नानांची गाडी त्या वाटेनं कधी गेलीच नव्हती. मळ्यात लाल्याचे काही हाल झाले नसते, हाल झाले असते ते नानांचे. आणि चूक तरी कुणाची? बिचाऱ्यानं उतरायला मागितलं होतं, कंडक्टरनंच बेल दिली नाही.

नानांनी मुकाट्यानं गाडी साधी केली. सर्व थांबे. कुठे बिनसलं की एक गाव मागे यायचं, रागवायचं नाही. गोधडी धुऊन, वाळून परत पसरली गेली. मंदाबाईंच्या टाक्यांच्या रांगा वाढत गेल्या तसा लाल्याही पुढे सरकत गेला आणि एरंडोल आता त्याच्या अंगवळणी पडलं.

गोधडीची शेवटची कड उरली होती, त्या दुपारी भरीत-भाकरी अंमळ जास्तच झाली आणि नानांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. एरंडोल केव्हाच मागे पडलेलं. नाना धडपडत बैठकीत आले आणि थेट गुडघ्यांवर बसून गोधडी चाचपू लागले. कोरडी होती. लाल्या उंबऱ्याशी निवांत पसरला होता.

"गाडी कोठे थांबनी?" नानांनी घाबरतच विचारलं.

"जयगावले," मंदाबाई सुई न थांबवता म्हणाल्या. "त्यानी सोताच दोरी ओढी नि मनाकडे दखं. मीच उतारं त्याले."

नानांचे डोळे भरून आले ते त्यांनी उपरण्यानं पुसले. मंदाबाईंनी दातानं दोरा तोडला आणि शेजारची एक छोटीशी घडी लाल्याकडे सरकवली. खाकी शर्टाच्या उरलेल्या तुकड्यांची ती इवली गोधडी होती. लाल्यानं ती हुंगली, दोन गिरक्या घेतल्या आणि हक्कानं वर बसला.

"मंग... सोनगीरनं काय?"

"काय ओ, इतला वरीस कंडक्टरी करी तुम्ही," मंदाबाई म्हणाल्या. "जयगावनी गाडी सोनगीरवरून कधी जास का?"

नाना उठले आणि त्यांनी दोरी दोनदा ओढली.