मे महिन्यातली जमीन

शिवकन्या ही धारूरचे किराणा दुकानदार मल्लिकार्जुनशेट यांची धाकटी मुलगी. ती पुण्यात भूशास्त्रात संशोधन करत होती आणि विषय तिनं आपल्याच भागातला घेतला होता. बालाघाटाच्या उतारावरची माती पावसाळ्यात घळी किती वेगानं खातात, हे तिला मोजायचं होतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात, झाडांवर पान नसताना, एका लहान विमानानं धारूरच्या घाटावर चार दिवस घिरट्या घातल्या. विमानात लायडार होता. हे यंत्र लेझरचे हजारो ठिपके खाली सोडतं आणि ठिपका परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची मोजतं. बरेच ठिपके झुडपांवरूनच परततात, पण काही फांद्यांच्या फटींतून मातीपर्यंत पोचतात. झुडपांवरचे ठिपके काढून टाकले की खालची उघडी जमीन दिसायला लागते.

त्या उंच्या बरोबर आल्यात का, हे तपासायला शिवकन्या सप्टेंबरात घाटाखालच्या वाडीत आली. जीपीएस लावलेली उंच काठी ठरलेल्या जागी सरळ धरून उभं राहायला माणूस हवा होता. वाडीतल्या वत्सलाबाई आणि त्यांचा नवरा पंडित कामाला आले. दोघं दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. पंडित कोयत्यानं घाणेरीची जाळी तोडून वाट करायचा आणि वत्सलाबाई काठी धरायच्या. त्यांच्या हातातली काठी कधी हलत नसे.

एका दुपारी भाकरी खाताना शिवकन्येनं लॅपटॉपवर त्यांना तोच डोंगर दाखवला. त्यावर एकही झाड नव्हतं. वत्सलाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो आमचा बांध."

"बरोबर."

"ह्याच्यावर तर लई घाणेरी हाय. तरी दिसतोय?"

"दिसतोय."

दुसऱ्या दिवशी पंडित पाणी आणायला खाली गेला, तेव्हा वत्सलाबाईंनी काठी धरल्या धरल्या विचारलं, "ताई, लहान उंचवटा दिसल का? मातीचा. लेकराएवढा."

शिवकन्येला कळलं नाही. वत्सलाबाईंनी सांगितलं.

"सात साल झाली. आमी तोडीला गेलतो. मनिषा तीन वर्षांची हुती, तिला सासऱ्यापाशी ठेवलती. तापानं गेली. सांगावा आला तवा नऊ दिस झालते. वाडीत बाप्या माणूस न्हवता कोणी, समदे उसात. म्हाताऱ्यानं एकल्यानं उचलून वर नेऊन पुरली. मुकादमाचे आगाऊ पैसे घेतलेले, मधी सुटका न्हवती. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम सपल्यावर आमी आलो, तवर म्हाताऱ्याची वाचा गेलती. अर्धं अंग बी गेलतं. नुसता डोंगराकडं हात करायचा. मी लई भांडले त्याच्याशी. कावून नीट दाखवत न्हाई म्हणून वरडायची त्याच्यावर. आखाडात तो बी गेला."

"कोणीच बघितलं नव्हतं?"

"शेजारच्या बायनाबाईनं बघितलं, खालून. पांढऱ्या खडकाच्या वर, दोन आपट्यांच्या मधी थांबला म्हणाली. तिथं घाणेरी इतकी माजलीय, आत शिरता येत न्हाई. दर साली मी खालूनच कुंकू टाकून येते." त्यांनी शिवकन्येकडे पाहिलं. "तुमच्या लिंगायतांत बरं. पुरतात, पण वर समाधी बांधतात. कुठं जायचं ते ठाऊक आसतंय."

"बघते मी," शिवकन्या म्हणाली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तोंडून निघून गेलं, "सापडेल."

पुण्यात तिनं नकाशावर ती जागा काढली. तिथं सपाट उतार होता. मग तिच्या लक्षात आलं, की झुडपं पुसणारा प्रोग्राम लहान उंचवटेही झुडूप समजून पुसून टाकतो. ती मूळ ठिपक्यांकडे परत गेली. आपट्यांच्या आजूबाजूचा सगळा भाग घेऊन प्रत्येक ठिपका पानाचा की मातीचा, हे तिनं हातानं ठरवलं. पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी पडद्यावर सव्वा मीटर लांबीचा, हातभर रुंदीचा एक उंचवटा आला. दोन आपट्यांच्या मधोमध. ती किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिनं दुकानात वडिलांना फोन केला आणि वाडीत निरोप द्यायला सांगितलं, की रविवारी येते.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीचा ट्रक सोमवारी निघणार होता. रविवारी सकाळी वत्सलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होत्या. पिशवीत नारळ, मूठभर मुरमुरे आणि एक पिवळा फ्रॉक होता.

"फ्रॉक कशाला?" पंडितनं विचारलं.

"आसू द्या."

पंडितनं घाणेरी तोडून वाट केली आणि तिघं चढले. शिवकन्या काठी घेऊन पुढं होती. उरलेलं अंतर यंत्रावर दिसत होतं. वीस मीटर. अकरा. सहा. साडेतीनवर जमीन संपली.

पुढं घळ होती. मे महिन्यात तिचं तोंड बरंच खाली होतं. ऑगस्टातल्या पावसात ते वर सरकत आलं होतं. कडा ताज्या, लाल, सरळ तुटलेल्या होत्या. एक आपटा मुळं वर करून तळाशी पडला होता. यंत्र सांगत होतं, साडेतीन मीटर पुढं. तिथं हवा होती.

"मशीन चुकलं आसल," पंडित म्हणाला.

शिवकन्येनं उरलेल्या आपट्यापासून टेप लावून मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं. मशीन चुकलं नव्हतं.

"कवा गेलं हे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"ऑगस्टात. तो मोठा पाऊस झाला तेव्हा."

"म्हंजी आखाडात मी कुंकू टाकाया आलते तवा हुती."

शिवकन्येनं होकारार्थी मान हलवली.

"ती मनिषाच हुती का, ताई?"

दगडांचा ढीग असू शकतो, जुनं वारूळ असू शकतं. ठिपके फक्त उंची सांगतात, खाली काय आहे ते सांगत नाहीत. हे सगळं शिवकन्येला माहीत होतं. समोर वत्सलाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या.

"हो," ती म्हणाली. "तिचीच जागा होती."

पंडितनं तोंड फिरवलं. वत्सलाबाई कडेवरून घसरत खाली उतरल्या आणि ओल्या गाळात हातानं उकरायला लागल्या. मुळ्या निघाल्या, खडे निघाले. शिवकन्याही उतरली आणि शेजारी बसून उकरू लागली. ऊन डोक्यावर आल्यावर पंडितनं बायकोला दंडाला धरून वर घेतलं. नारळ फोडला नाही. फ्रॉकला माती लागेल म्हणून वत्सलाबाईंनी पिशवी पंडितकडे दिली.

सोमवारी ट्रक गेला.

डिसेंबरात विमान पुन्हा येऊन गेलं. दोन्ही वेळची जमीन एकमेकांतून वजा केली, की जिथली माती गेली तिथं लाल रंग येतो. त्या घळीचं तोंड एका पावसाळ्यात अकरा मीटर मागं सरकलं होतं. मार्गदर्शक सर खूश झाले. "इतका स्पष्ट निकाल सहसा मिळत नाही. प्रबंधात पहिलं चित्र हेच घे."

तिनं तेच घेतलं. चित्राखाली किती घनमीटर माती गेली ते लिहिताना तिचा हात थांबला. त्या आकड्यात तो उंचवटाही मोजला गेला होता. ती उठून बाहेरच्या नळावर गेली आणि पाणी सोडून रडली.

एप्रिलमध्ये ती वाडीत गेली. दोघं चार दिवसांपूर्वीच परतले होते. तिनं मे महिन्यातल्या त्या जागेचं चित्र कागदावर छापून आणलं होतं. वत्सलाबाईंनी ते हातात घेतलं, उंचवट्यावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवलं.

"ताई, एक इचारते. त्या दिवशी तुमी हो म्हणलात. ठाऊक हुतं का तुमाला?"

"नव्हतं. आकार तेवढा होता. पक्कं सांगता येत नाही. मी खोटं बोलले, वत्सलाबाई. चुकलं माझं."

तिला वाटलं, त्या रडतील, रागावतील. वत्सलाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं, आणि तेच तिला बघवेना.

"मंग आजून आसल की वर. बायनाबाईला खालून काय नीट दिसणार? दुसरीकडं आसल."

आपट्यांच्या चारी बाजूंचा उतार शिवकन्येनं ठिपका ठिपका तपासला होता. तिथं दुसरा उंचवटा नव्हता. ती हे सांगायला तोंड उघडत होती, तोवर वत्सलाबाई कोयता घेऊन उठल्या होत्या.

"पानं झडलीत आता. घाणेरी तोडाया बरं पडल," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

शिवकन्येनं पंडितचा दुसरा कोयता उचलला आणि त्यांच्या मागून डोंगर चढू लागली.