सहाव्यांदा धुतलेले पाय

लीमिनला काहीही करायचं झालं की आधी बघणारं माणूस लागे. लहानपणी तो चूल फुंकायचा तीसुद्धा शेजारीण दारात आली की. आता चाळिशी उलटली, शाळेत पाचवीच्या पोरांना 'नीती आणि कायदा' शिकवतो, पण खोड तीच. आईच्या, म्हणजे ग्वेइश्यांगच्या, मागच्या वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी खातात त्या लांब शेवयांचा वाडगा तिच्यापुढे ठेवला आणि फोटो नीट येईना म्हणून पहिला घास तिला चारदा उचलायला लावला. तोवर शेवयांचा लगदा झाला. ग्वेइश्यांगनं तो लगदा मुकाट गिळला, पोटचं पोर म्हणून. पण चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवमीला त्यानं जे केलं, ते काही तिच्या घशाखाली उतरलं नाही.

नवमी म्हणजे म्हाताऱ्यांचा सण. त्या दिवशी ग्वेइश्यांग तांदळाच्या वाफवलेल्या वड्या डब्यात घालून नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात गेली. तिची थोरली बहीण तिथे राहते. ताईला साखरेचा आजार, म्हणून वड्या बिनसाखरेच्या.

अंगणात लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग. प्रत्येक खुर्चीत एकेक म्हातारं बसवलेलं आणि प्रत्येकाच्या पायाशी पाण्याचं घमेलं. ताईचे पाय भिजून भिजून बरणीतल्या मुरलेल्या मुळ्यासारखे पांढरेफटक झाले होते.

"हे काय गं?"

"सकाळपासून पाच टोळ्या पाय धुऊन, फोटो काढून गेल्या," ताई म्हणाली. "आधी बँकवाले, मग महिला मंडळ, मग कॉलेजची पोरं, मग विम्याची माणसं, मग परत कॉलेजची, पण दुसऱ्या कॉलेजची. माझ्या लग्नातसुद्धा इतक्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आणि आज तर नुसते पायच बघतायत."

"आणि अंगठ्याची पट्टी कुठाय?"

"फोटोत बरी दिसत नव्हती म्हणे. काढली त्यांनी."

ग्वेइश्यांगच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या अंगठ्यावरच्या जखमेला दोन महिने ती एक दिवसाआड येऊन मलम लावत होती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, कोरडी राहिली तर भरेल, नाहीतर अंगठा कापावा लागेल. आता जखमेच्या कडा भिजून लिबलिबीत झाल्या होत्या. तिनं ताईचा पाय मांडीवर घेऊन आपल्या रुमालानं टिपला आणि तडक आश्रम सांभाळणाऱ्या पान बाईंना गाठलं.

"तुम्हाला डोळे आहेत की बटणं? तिच्या पायाला जखम आहे!"

पान बाई चिडल्या नाहीत. नुसत्या दमलेल्या दिसल्या. "आजी, वर्षभर इथे कुत्रं फिरकत नाही. आजच्या एका दिवशी तेल येतं, तांदूळ येतात, रजया येतात. मी कुणाला नको म्हणू, तुम्हीच सांगा. आणि आता एकच शाळा राहिलीय, तुमच्याच मुलाची. त्यांनी तर नाव घेऊन मावशी मागितलीय."

लीमिन येतोय म्हटल्यावर ग्वेइश्यांगचा जीव भांड्यात पडला. घरचाच मास्तर आहे, पाय बघेल आणि दुसऱ्या कुणापाशी पोरांना बसवेल. ती निवांतपणे आत पट्टी शोधायला गेली. नर्स सुट्टीवर होती, कपाटाची किल्ली सापडेना. पट्टी हाती लागेपर्यंत चांगला अर्धा तास गेला.

बाहेर आली तर अंगणात गळ्यात लाल रुमाल बांधलेली अडतीस पोरं. मागे कापडी फलक. तिनं अक्षरं एकेक करून लावली: 'पृथ्वी एक कुटुंब, आम्ही जगाचे नागरिक.' या धड्याचं चित्रण यांच्या शाळेशी जोडलेल्या परदेशातल्या शाळेला जायचं होतं. शिवाय प्रत्येक पोराच्या नोंदवहीत सेवेचा फोटो लागतो, नसला तर गुण कापतात. म्हणून अडतीस पोरं रांगेत, आणि रांगेच्या टोकाला एकटी ताई.

"हस मावशी, हस! छान! पुढचा. अरे, माझ्याकडे काय बघतोस? पायाकडे बघ, प्रेमानं बघ. झालं, ऊठ. पुढची."

पुढची एक किडमिडी मुलगी होती. लीमिननं फोनमध्ये पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "वाफ दिसत नाहीये. थंड पाण्यात सेवा कसली?" त्यानं स्वतः थर्मास उचलून घमेल्यात उपडा केला. मुलीनं हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"सर, भाजतंय!"

"नुसतं टेकव गं बोट. वाफ आहे तोवर होऊन जाऊ दे. आपण म्हाताऱ्यांना कसं जपतो ते बाहेरच्यांना दिसायला हवं."

ताई हसतच होती. तिच्या पायांची जाणीव जाऊन तीन वर्षं झाली होती, निखाऱ्यावर पाय ठेवला तरी तिला वासावरून कळलं असतं. लीमिनला हे कुठून ठाऊक असणार! मावशी आश्रमात आल्यापासून तो एकदाही आला नव्हता. एकदा फळांची टोपली पाठवली होती, तिचा फोटो आधी आला आणि टोपली चार दिवसांनी.

ग्वेइश्यांगनं पोरांना बाजूला सारलं आणि घमेल्यात हात घातला. तोंडून किंकाळी फुटली. तिनं दोन्ही पाय ओढून बाहेर काढले. घोट्यापर्यंत उकडलेल्या कोळंबीसारखे लालभडक, आणि अंगठ्यावरची कातडी दुधावरच्या सायीसारखी सुटून घमेल्यात तरंगत होती. 

"आई, चित्रण चालू आहे," लीमिन दबक्या आवाजात म्हणाला. "पोरांसमोर तमाशा नको. आपण मागून बोलू ना."

"गार पाणी आणा!" ग्वेइश्यांग पान बाईंवर ओरडली. "आणि दवाखान्याची गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

"अगं, जाऊ दे," ताई अजूनही ओठ ताणून म्हणाली. "त्याची नोकरी आहे. मला कुठे काय दुखतंय?"

किडमिडी मुलगी आपली लाल झालेली बोटं दुसऱ्या मुठीत धरून उभी होती. "आजी, मी सांगितलं होतं सरांना."

"ऐकलं मी, बाळा. जा, बोटं नळाखाली धर."

मग ती लेकाकडे वळली. अडतीस पोरं, पान बाई, खुर्च्यांतली म्हातारी, सगळी ऐकत होती आणि तिला ते हवंच होतं.

"लीमिन, मी तिसरीत शाळा सोडली. दुसऱ्याचा पाय पाण्यात घालण्याआधी आपला हात घालून बघावा, हे मला कुठल्या बुकानं शिकवलं नाही. या एवढ्याशा पोरीला ते कळलं, आणि तू मास्तर असून तिला गप्प केलंस. जगाचा नागरिक म्हणे! सख्ख्या मावशीच्या पायाला जाणीव नाही हे तुला ठाऊक नाही, आणि समुद्रापलीकडच्यांना माया दाखवायला निघालास. हा अंगठा गेला तर तो तू खाल्लास, हे उद्या तुझ्या वर्गात फळ्यावर लिही. आजवर गल्लीभर सांगत फिरले, माझा लेक पोरांना माणुसकी शिकवतो म्हणून. थू! ते सांगणाऱ्या माझ्या तोंडाची आज मलाच किळस येतेय, आणि तुझी त्याहून जास्त."