जिवंत नग

"तू आधी ती खिडकी लाव," हे म्हणाले.

मी नाही लावली. गाढवाचं ओरडणं काचेला अडत असतं तर आणखी काय हवं होतं! समोर, अंगणापलीकडे, मुद्देमालाच्या खोलीतून ती पुन्हा ओरडली आणि ह्यांच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला.

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात आमचं क्वार्टर. हे ठाण्याचे मुद्देमाल कारकून. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू, सुरी असो की सोनसाखळी, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ह्यांच्या ताब्यात. जन्मभर लोकांच्या वस्तू सांभाळल्या. भित्रा होता म्हणून माणूस ह्या कामाला लागला, की कामाने भित्रा झाला, ते मला इतका संसार करूनही उलगडलेलं नाही. कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, दहा पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ह्यांचा एक हात खिशावर आहे. किल्ली!

आणि आता त्याच खोलीत, ह्यांच्याच कुलपाआड, एक गाढवीण कोंडली गेली होती.

तीही मुद्देमालच. विटा वाहून नेणाऱ्या तिच्या मालकाने तिला भर रस्त्यात सळईने मारलं. कुणीतरी तक्रार केली, मालकावर जनावराच्या छळाची केस झाली आणि पुरावा म्हणून ही आमच्याकडे आली. म्हणजे मार खाल्ला हिने आणि जप्तही झाली हीच. मालक जामिनावर घरी! माणसाला मारलं असतं तर तो फिर्यादी झाला असता, त्याला खुर्ची दिली असती, पाणी विचारलं असतं. ही कागदावर सुऱ्यांच्या आणि बाटल्यांच्या खाली 'जिवंत नग एक' म्हणून लागली. एरवी मागच्या झाडाखाली बांधलेली असायची. पाणी मी द्यायची. नाव काही ठेवलं नव्हतं; निकाल लागला की जाणार, कशाला उगाच जीव लावा! नुसतं "अगं" म्हणायची. "अगं, पाणी पी." की तिचा धड असलेला कान हलायचा.

झालं असं. शनिवारी कोर्टाचे तपासनीस वार्षिक तपासणीला आले. तपासणीत सगळा मुद्देमाल खोलीत हजर लागतो, म्हणून तिलाही आत नेऊन मागच्या कपाटाजवळ उभी केली. मोजणी निम्म्यावर आली आणि तपासनिसांना फोन आला, आई घरात पडली, दवाखान्यात नेलंय. माणसाचा चेहरा पांढराफटक झाला. पण नियम आहे, की मोजणी अर्धवट राहिली तर जे आत ते आत आणि जे बाहेर ते बाहेर, खोलीला तिथल्या तिथे सील. ह्यांनी कुलूप घातलं, त्यावर कापड गुंडाळलं, लाख वितळवून ओतली. जन्मभर करत आलेलं काम, हात आपोआप चालतात. तपासनिसांनी कोर्टाचा शिक्का दाबला, शिक्का पिशवीत टाकला आणि धावतच गाडीत बसले. ती बिचारी कपाटामागे इतकी गप्प उभी होती, की कुणाच्याच लक्षात आली नाही.

गाडी फाटकाबाहेर गेली, लाख वाळली आणि आतून ती ओरडली.

आधी सगळे हसले. पहारेकरी तर पोट धरून हसला. "काका, तुमचा मुद्देमाल बोलायला लागला की हो!" हेही हसले. मग ह्यांनी त्या लाल शिक्क्याकडे पाहिलं आणि ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी खिडकीतून बघत होते.

सील तोडायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो, आणि कोर्ट सोमवारपर्यंत बंद. तपासनिसांचा फोन लागेना. आमचे साहेब वयाने लहान, नवीनच आलेले, माणूस वाईट नाही. त्यांनी कोर्टाच्या कारकुनाला फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "आत माणूस आहे का?"

"नाही, गाढव आहे," साहेब म्हणाले.

"मग सोमवारी अर्ज घेऊन या."

मी पदर खोचून ठाण्यात गेले. कधी जात नाही, पण गेले. "साहेब, वरती पत्रा आहे. आत भट्टी होते. सोमवारपर्यंत ती टिकायची नाही."

"काकी, मला कळत नाही का?" साहेब म्हणाले. "माणूस असता तर मी आत्ता लाथ घालून दार पाडलं असतं, कुणी ब्र काढला नसता. पण कायद्याच्या लेखी ती वस्तू आहे. वस्तूसाठी कोर्टाचं सील तोडलं असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"वस्तूला मारलं म्हणून मालकावर केस होते होय?"

"ते कलम वेगळं, काकी." त्यांच्या कपाळावर घाम होता. "माझं लेकरू अजून पाळण्यात आहे हो. मलाही नोकरी आहे."

आमचेच हात दगडाखाली. ह्यांच्या आधीच्या कारकुनाने असंच सील तोडलं होतं. खोलीत पावसाचं पाणी शिरत होतं म्हणून! वस्तू वाचल्या, पण पुढे एक साखळी कमी असल्याचं निघालं. होती की मुळात नव्हतीच, देव जाणे. तो तुरुंगात गेला. त्याची बायको ह्याच क्वार्टरमधून भांडी डोक्यावर घेऊन बाहेर पडली, आणि तिच्याच हातची चूल अजून आमच्या मोरीच्या कोपऱ्यात आहे. हे निवृत्तीच्या उंबरठ्यावर. रात्री कधी झोपेत दचकले की मी विचारतसुद्धा नाही काय स्वप्न पडलं. मला ठाऊक असतं.

संध्याकाळी मी बादली घेऊन दाराशी गेले. दाराखाली दोन बोटं फट आहे. म्हटलं, पाणी आत सोडावं. सोडलं, तर सगळं परत माझ्याच पायांवर आलं. पूर्वी तिथे गाड्या धूत असत, म्हणून जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला! आतून ओली फरशी चाटल्याचा आवाज आला.

मग घरातला जुना पंचा भिजवला आणि त्या फटीतून आत सरकवला. थोडा वेळ काही नाही. आणि एकदम पलीकडून कुणीतरी तो ओढला. आई गं! मी हातच सोडला. मग मन घट्ट करून टोक पुन्हा धरलं. ती पंचा चोखत होती. मी तो बाहेर घ्यायची, भिजवायची, परत आत द्यायची. ती ओढायची.

हे मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. "अगं, काय करतेस हे? पंचा आत राहिला तर?"

"राहिला तर राहिला!"

"असं कसं? मोजणीत नसलेला पंचा आत सापडला तर सील असताना तो गेला कसा, हे मलाच विचारतील ना. एक वस्तू कमी झाली तरी मी, आणि वाढली तरी मीच."

मला इतका राग आला, की तो ओला पंचा ह्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. "मग धरा हे टोक," मी म्हटलं. "तुम्हीच धरा, म्हणजे आत राहणार नाही."

आणि ह्यांनी धरलं, खाली उकिडवं बसून. पलीकडून ओढ बसली तसे हे थरथरले, पण टोक सोडलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

रविवारी ऊन असं, की अंगणात पाय ठेववेना. सकाळी ती एकदा ओरडली, पण आवाज फाटलेला. मग ओरडणं थांबलं. आदल्या दिवशी मी देवाला म्हणत होते, हिला गप्प कर रे बाबा. आता ती गप्प झाली तर घरात बसवेना. हे खुर्चीत किल्ली मुठीत धरून बसलेले. ताट वाढलं, तसंच उचललं.

दुपारी पंचा आत सरकवला. वाट बघितली. "अगं," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "अगं, पाणी." दार हाताला चटका देत होतं. पंचा तसाच पडून राहिला.

घरात आले आणि म्हटलं, "ओढत नाही ती."

हे उठले, मोरीत गेले, डोक्यावरून पाणी घेतलं, दाढी केली. दाढी करताना हनुवटीला कापलं. मग कपाटातून इस्त्रीचा गणवेश काढला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझी पाचावर धारण बसली. दोन दिवस मीच टोचत होते, मीच वचावचा बोलत होते, आणि आता मीच दारात आडवी उभी राहिले. "राहू द्या. मी आपली बोलते. बायकांचं काय ऐकायचं? उद्या सकाळी कोर्ट उघडेल." खरं सांगते, त्या क्षणी मला गाढवीण नको होती, नवरा हवा होता. पोरीच्या सासरी काय तोंड दाखवायचं, राहायचं कुठे, तुरुंगात ह्यांना पथ्याचं कोण देणार, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"बाजूला हो," हे म्हणाले.

"निदान अंधार तरी पडू द्या."

"अंधारात फोडलं तर चोर म्हणतील. मला भीती वाटतेय गं, बाजूला हो. आत्ता जाऊ दे, नाहीतर मी जाणार नाही."

मी बाजूला झाले.

ह्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. "इकडे ये. नीट बघ. कोणी फोडलं विचारलं तर माझं नाव सांग." तो आता हसत नव्हता. साहेब आवाज ऐकून ओसरीवर आले. "काका," ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलेलं नाही हं."

"नाही साहेब. तुम्ही नाही सांगितलं."

साहेब ना आत गेले ना पुढे आले.

हातोडीचे दोन घाव लाखेवर बसलेच नाहीत, कडीवर बसले. तिसऱ्याने शिक्का फुटला आणि लाल तुकडे ह्यांच्या बुटांवर पडले. दार उघडलं तशी आतून झळ आली, लघवीचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास. ती जप्त मोटरसायकलच्या आणि पोत्यांच्या मधे आडवी पडली होती. पोट हलत होतं की नाही कळेना. डोळा उघडा होता, पण त्यावर माशी बसली तरी मिटला नाही. हे फरशीवर बसले, गणवेशासकट, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी ओंजळीने पाणी सोडत राहिले. पाणी तोंडातून बाहेर येत होतं. बराच वेळ येत राहिलं. मग तिच्या घशात काहीतरी हललं, आणि ह्यांच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

पाणी पोटात गेल्यावर मी म्हटलं, झाडाखाली नेऊ. तर नाही! "जे आत ते आत," म्हणाले. दार सताड उघडं ठेवलं, उंबरठ्यावर स्टूल टाकलं आणि हे त्यावर बसून राहिले, कुणी काडी उचलली असं म्हणायला नको. सकाळपर्यंत पाठ टेकली नाही.

सोमवारी तपासनीस आले. आई बचावली होती त्यांची, पण डोळे सुजलेले. त्यांनी फुटलेली लाख पाहिली, स्टुलावरच्या ह्यांना पाहिलं आणि विचारलं, "कोणाच्या हुकमाने?"

ह्यांनी नुसता हात वर करून मागे दाखवला. तिथे ती आता पायांवर उभी होती, चारही पाय लटपटत होते.

"हिच्या?"

"ओरडत होती साहेब," हे कसेबसे म्हणाले. "म्हटलं, आत कुणीतरी आहे."

तपासनीस मग मोजणीला लागले. एकेक वस्तू ते मोठ्याने वाचत होते. सगळं भरलं. काही कमी नाही, काही जास्त नाही. मी पंचा कधीच उचलला होता. शेवटी "जिवंत नग एक" वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

"वस्तू सगळ्या आहेत," ते म्हणाले. "पण सील ते सील. मला कळवावं लागेल, काका."

"हो साहेब."

मग ते आमच्या साहेबांशी बाजूला जाऊन बोलले. साहेब परत आले तेव्हा त्यांना ह्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, म्हणाले. किल्ली द्या. आणि गणवेशाचा पट्टा जमा करावा लागेल, तसा नियम आहे.

किल्ली ह्यांनी लगेच दिली. पट्ट्याला हात घातला, पण बोटं इतकी थरथरत होती, की बकल सुटेना. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. सगळं ठाणं बघत होतं. पहारेकऱ्याने मान खाली घातली. मी अंगणातून पुढे झाले, सगळ्यांदेखत ह्यांच्यापुढे उभी राहिले आणि ह्यांचा पट्टा सोडून घडी करून साहेबांच्या हातात दिला.