पांढऱ्या दोऱ्याची रीळ

शिलाईच्या हॉलमध्ये सगळ्याच पोरी तिला आत्या म्हणायच्या. खरी भाची मात्र एकच, खिडकीजवळच्या मशीनवरची. ती पोटुशी होती आणि तोंडाने फटकळ. कावीळ कुणाकुणाला होऊन गेली आहे हे तपासायला एका डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं रक्त नेलं होतं. आज त्या निकाल सांगायला आल्या होत्या.

"आत्या, तुमच्या रक्तात जुन्या काविळीची खूण आहे. तुमच्या वयाच्या बहुतेकींच्या आहे. तरुण मुलींत फार थोड्या जणींच्या. हिच्या रक्तात तर नाहीच."

"म्हणजे मी सुटले!" भाचीने टाळी वाजवली.

"सुटलीस कसली? तुला अजून झाली नाही, एवढंच. ही कावीळ पाण्यातून होते, आणि पोटुशीच्या जिवावर बेतू शकते. पाणी उकळूनच पी."

काज करता करता आत्याचा हात थांबला. आपल्या तरुणपणचा तो उन्हाळा तिला लख्ख आठवला.

तेव्हा कोपऱ्यात पाण्याचं एक पिंप असायचं आणि साऱ्या हॉलला मिळून एकच मग. जेवणाच्या सुट्टीत पोरींचं नुसतं खिदळणं चालायचं. मग एकेकीचे डोळे पिवळे व्हायला लागले. पण भीती वाटायला अक्कल हवी ना! कापडाच्या रंगाला दोरा जुळवतात तशा त्या एकमेकींच्या डोळ्यांशी रीळ धरायच्या. "तू लिंबू!" "ही बघा, हिचं तर सोनं झालंय!" हसून हसून पोटं दुखायची. तसं हसणं आत्याच्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

त्यांच्यातली चिमणी तेव्हा पोटुशी होती. तिचे लाड म्हणून तिला शेगडीवर पाणी उकळून मिळायचं. पण चिमणीला कुठला धीर! अर्धा मग उकळलेलं, वर अर्धा मग पिंपातलं, आणि घटाघट पिऊन मोकळी. "उकळलेलंच तर आहे!" म्हणायची. त्यात काही चुकतंय हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढे तिच्या डोळ्यांशी जुळेल एवढी पिवळी रीळ अख्ख्या फळीवर मिळेना, तेव्हा कुठे सगळ्यांचं हसू मावळलं. दवाखान्यात नेलेली चिमणी परत आली नाही. बाळही गेलं. तिच्या मशीनवर कितीतरी दिवस कुणी बसलं नाही.

डॉक्टरीणबाई गेल्या. भाचीने थर्मासमधलं वाफाळतं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला सरळ नळाखाली धरला.

"ओतून दे ते!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की मशीनं थांबली.

"काय गं आत्या, उकळलेलंच तर आहे!"

आत्याने पेला हिसकावून मोरीत रिकामा केला. भाचीने गाल फुगवले. मग आत्याने तिला जवळ बसवून चिमणीची सगळी हकिकत सांगितली.

एरवी एका शब्दाला चार शब्द ऐकवणारी भाची लगेच उठली. तिने पेला पुन्हा थर्मासमधूनच भरला आणि निवायला ठेवला. मग ट्रेमधली पांढरी रीळ उचलून डोळ्याशी धरली.

"बघ गं आत्या, दोरा जुळतोय का?"

आत्या पुढे वाकली. तिला काहीच धड दिसेना, डोळे पाण्याने भरले होते. तिने ते पदराने पुसले आणि पुन्हा पाहिलं.

"जुळतोय. बाळ हातात येईपर्यंत रोज दाखवत जा," ती म्हणाली. "आणि पेल्याला हात लावू नकोस, गरम आहे अजून."