हाकेच्या पेटीचा तडा

वर्लनने पेटी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. वीतभर लांब, देवदाराची, वर सैल झाकण. झाकण काठावर घासलं की थेट रानटर्की पक्ष्याची मादी साद घालतेय असा आवाज येई, आणि अलाबामातल्या त्या रानातले नर पिसारा फुलवून बंदुकीसमोर चालत येत. आता एका पातळ फळीला केसाएवढा तडा गेला होता आणि मादीऐवजी गंजलेलं दार कुरकुरल्यासारखा आवाज येत होता.

"कॉलेजात जाऊन दातांच्या कवळ्या बनवायला शिकलीस ना, मेलीन? मग ही जोडून दे," वर्लन सुनेला म्हणाला.

"माझ्या केसीला शिकारीला नेणारच आहात का, पप्पा?"

"सहाची झाली ती. आपल्या स्टोक्स घराण्यातली पोरं सहाव्या वर्षी पहिल्या पक्ष्याच्या मानेवर पाय देऊन उभी राहतात. तडफड थांबेपर्यंत. तुझा नवराही राहिलाय. विचार त्याला."

ट्रॅव्हिसने ताटातून मान वर केली नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती. कोंबडीची मान ताटात दिसली की तो अजून उठून जायचा.

"मुंगी चिरडली तरी रडते हो ती."

"तूच बिघडवलंयस." वर्लन हसला. "बरं, सौदा करू. उद्या संध्याकाळी या पेटीच्या हाकेला टेकडीवरनं उत्तर आलं, तर पोरगी घरी. नाही आलं, तर परवा पहाटे माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी केसी अंगणात खेळत होती तेव्हा मेलीन खिडकीपाशी बसली. आवाज निघावा म्हणून झाकणाला लावलेल्या खडूची भुकटी चिरेत राहिली तर डिंक धरणार नाही, म्हणून तिने ती बारीक ब्रशने झाडून काढली. अंगठ्याने फळी किंचित दाबून चीर उघडली, सुईच्या टोकावरून पातळ डिंकाचा थेंब सोडला. लाकडाने तो आत ओढून घेतला. आवाज काढणाऱ्या काठाकडे एक ओघळ निघाला, तो तिने श्वास रोखून टिपला. तिथे डिंक लागला असता तर पेटी कायमची मुकी. वाळल्यावर तिने झाकणाला नवा खडू लावला. असं मन लावून तिने आयुष्यात एकही कवळी बनवली नव्हती.

संध्याकाळी वर्लनने ओसरीवर झाकण घासलं. टेकडीवरून नर ओरडला. पुन्हा घासलं, तो पुन्हा ओरडला, अधिक उतावीळ.

"वा! आता येईल हा," वर्लन म्हणाला. "केसी, तुझे बूट दाखव बरं."

"पप्पा! शब्द दिला होतात तुम्ही."

"दिला होता. अगं वेडे, मुकी पेटी घेऊन पोरीला काय झाडं दाखवायला नेणार होतो? पक्षीच आला नसता तर पाय कशावर ठेवला असता तिनं?"

"ट्रॅव्हिस, तू तरी बोल ना!"

"एका सकाळचा तर प्रश्न आहे," ट्रॅव्हिस ओसरीच्या खांबाला म्हणाला.

पहाटे बिस्किटांचं पीठ चरबी घालून मळता मळता मेलीन दाराशी आली. काठाला चरबीचा एक हात लागला की खडू मरतो आणि पेटी मुकी होते, हे तिला ठाऊक होतं. "पेटी जरा द्या पप्पा. झाकणाचा स्क्रू ढिला राहिलाय बहुतेक."

वर्लनने तिच्या तुपकट बोटांकडे पाहिलं आणि पेटी खिशात सरकवली. "आधी हात धू," तो म्हणाला, आणि केसीचा हात धरून ओसरी उतरला.

उजाडताना टेकडीवरून हाक आली. गोड, स्वच्छ, कुठेही न कुरकुरता. नराने उत्तर दिलं. मग जवळून दिलं. मेलीनने कान झाकले, तरी बार ऐकू आलाच.

केसी परतली तेव्हा आईने तिला उचलायला हात पुढे केले, पण ती बाजूने आत गेली. बूट तिने स्वतःच काढले.

"मी रडले नाही," ती म्हणाली. "खूप वेळ हलत होता तो. मी थांबले." मग तिने आईकडे पाहिलं. "आजोबा म्हणाले, त्याला तूच बोलावलंस."

आणि खुर्चीवर चढून तिने बिस्कीट मागितलं.