खोटी सुई

पत्र त्याच्या नावाचं होतं, पण घरात येणारा प्रत्येक कागद आधी तिच्याच हाती पडायचा. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं तीच फोडायची, वाचायची आणि त्याला दोन वाक्यांत सांगायची. फरशी बसवणाऱ्या माणसाची बोटं सिमेंटने इतकी राठ झालेली असतात की पाकीट फोडायला दिलं तर आतल्या कागदासकट दोन तुकडे करून ठेवतील. म्हणून लॉण्ड्रीतून घरी आल्या आल्या, चप्पलसुद्धा न काढता, तिने ओट्याशी उभ्याउभ्या ते पाकीट उघडलं.

हॉस्पिटलचं पत्र होतं. गुडघ्याच्या सांध्यांची झीज आणि सुयांचे उपचार यांवरचा आमचा अभ्यास आता संपला आहे. आपण दुसऱ्या गटात होता. या गटातल्या सुयांचं टोक बोथट होतं. दाबल्यावर सुई दांडीच्या आत सरकत असे आणि कातडीत शिरत नसे. सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.

तिने ते पुन्हा वाचलं. बारा आठवडे, दर आठवड्याला दोनदा, तिचा नवरा हॉस्पिटलात पाय पसरून पडला होता आणि त्याला एकही सुई टोचली नव्हती. आधी तिला हसूच आलं.

मग तिने दुसरं पान उलटलं. त्याने दिलेल्या उत्तरांची ती नक्कल होती. अभ्यासाआधी दुखणं दहापैकी किती? आठ. अभ्यासानंतर? दोन. आणि मधे एक प्रश्न होता: याआधी घरी काही उपाय केले का? "बायको तेल लावते." किती फरक पडला? "फरक नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते तिला तेव्हा अगदी क्रमाने कळलं. आधी तळपाय, मग पोटऱ्या, मग बाकीचं. 'थोडा' असाही एक चौकोन होता त्या कागदावर. 'सांगता येत नाही' असाही होता. ह्या माणसाने ते दोन्ही ओलांडून 'फरक नाही' गाठलं होतं आणि खाली सहीसुद्धा ठोकली होती.

आठ वर्षं हो, आठ वर्षं! डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की सांध्यातली गादी झिजली आहे, वजन उतरवा, मांड्यांचे व्यायाम करा, गुडघ्यांवर बसणं टाळा. फरशीवाल्याला गुडघ्यांवर बसू नका म्हणणं म्हणजे न्हाव्याला केसांना हात लावू नका म्हणण्यातला प्रकार. व्यायाम त्याने तीन दिवस केले. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट बिघडलं. तेव्हा हिने कंबर कसली. दिवसभर लॉण्ड्रीत शर्टांना इस्त्री करून आलेले हात घेऊन ती रोज जेवणानंतर अर्धा तास त्याच्या गुडघ्यांशी बसायची. कापूर घालून गरम केलेलं तेल, गुडघ्याच्या वाटीच्या कडेकडेने अंगठा फिरवत, वरून खाली. शिवाय गरम पाण्याची पिशवी. शिवाय दिराने आणलेले चुंबकाचे पट्टे, ज्यांनी गुडघ्याला काही केलं नाही पण खिशातल्या किल्ल्या मात्र ओढून घेतल्या. कुणीतरी कोबीची पानं बांधा म्हणालं, तर सकाळी अंथरुणात भाजीमंडई. मिरचीचं मलम आणलं, तर ह्याने तोच हात डोळ्याला लावला आणि विंचू चावल्यासारखा घरभर नाचला. त्या दिवशी गुडघे अजिबात दुखले नाहीत, हे तिच्या लक्षात होतं.

आणि तेल लावताना हा घोरायचा. डोकं मागे टाकून, तोंड उघडं. फरक नसलेला माणूस घोरतो कसा?

त्या अभ्यासात नावसुद्धा तिनेच घातलं होतं. हॉस्पिटलचे पांढरे कोट त्यांच्याच लॉण्ड्रीत यायचे, कोट घेऊन येणाऱ्या माणसाकडे त्या अभ्यासाचं पत्रक होतं. सुया सुरू झाल्या आणि सहाव्या आठवड्यात नवरा तीन जिने न थांबता चढून आला. बाराव्यात त्याने नव्या ग्रंथालयाच्या मोठ्या हॉलचं काम धरलं, नऊशे फरश्या, सगळ्या गुडघ्यांवर बसून. भावाचं आता संपलं असं समजून त्याच्यासोबतच काम करणाऱ्या दिराने दुसरा मिस्त्री शोधायला घेतला होता. ते काम परत आलं. तिलाही आनंद झाला. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

पण नवऱ्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. भाजीवालीला सुया, शेजाऱ्याला सुया, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सुया. "हे खरं शास्त्र. बाकी सगळं घरगुती चाळे." आणि एका रविवारी त्याने तिची तेलाची बाटली घेतली आणि दाराच्या बिजागरीत ओतली. "बघ," तो म्हणाला, "ह्याचा खरा उपयोग." दार कुरकुरायचं थांबलं. तिने तेव्हा मूग गिळले होते. आता ते सगळे वर आले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती पत्रासकट हॉस्पिटलात गेली. सुया लावणारी बाई पन्नाशीची, किरकोळ, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारी. तिच्या कोटाची कॉलर कशी मुडपते ते हिला पाठ होतं. दर आठवड्याला हीच त्याला इस्त्री करायची.

"तुम्ही फसवलंत त्यांना," ती उभ्यानेच म्हणाली.

"बसा ना. सुरुवातीलाच सांगितलं होतं त्यांना, की एका गटात खऱ्या सुया असतील, एकात नसतील. त्यांनी सही केली आहे."

"ते कशावरही सही करतात."

बाईने वाद घातला नाही. ड्रॉवरमधून एक सुई काढली, हिच्या अंगठ्याच्या बुडाशी एक छोटी गोल चकती चिकटवली, त्यातून सुई टेकवली आणि वरून टिचकी मारली. टोचलं. सुई अर्धी आत गेलेली दिसली. मग बाईने ती अलगद उचलली. ना भोक, ना रक्ताचा ठिपका, आणि सुई पुन्हा पूर्ण लांब.

"टोचलं?"

"टोचलं," ती म्हणाली आणि तिला स्वतःच्या अंगठ्याचाही राग आला. गेलं वर्षभर तो अंगठा तिथेच दुखत होता. बाटलीचं झाकण फिरवताना कळ यायची. त्याच्यावर कुणी अभ्यास काढला नव्हता.

"म्हणजे त्यांचं दुखणं खोटंच होतं?"

"अजिबात नाही. फोटो बघा, सांधे झिजलेले आहेत, आजही तसेच आहेत. दुखणं खरं होतं. कमी झालंय तेही खरं."

"कशाने?"

"ते मला माहीत असतं तर बारा आठवडे कशाला घालवले असते?" बाई म्हणाली. "निवांत पडून राहिल्याने असेल. इथे येण्याजाण्यात चालणं झालं त्याने असेल. भरवशाने असेल. तुमच्या तेलाचाही वाटा असेल, कोण जाणे. त्यांनी वाचलंय हे पत्र?"

"नाही."

बाई पुढे झुकली. "मग एक ऐका. पत्र त्यांचं आहे, लपवून ठेवायचं नाही. पण त्यांना इथे घेऊन या, मी बसवून नीट सांगते. ज्यांना नीट कळतं त्यांचं बरं राहतं. ज्यांच्या अंगावर कुणी तसंच फेकतं त्यांचं दुखणं परत येऊ शकतं. एकांचं आलंय, म्हणून सांगते. येत्या गुरुवारी अकरा वाजता. तोवर रागात काही बोलू नका."

"मी कुठे रागात आहे?" ती म्हणाली, आणि खुर्ची इतक्या जोरात मागे सरकवली की बाहेरच्या बाकावरचे तीन म्हातारे दचकले.

गुरुवारला सहा दिवस होते. सहा दिवस गप्प राहायचं. ग्रंथालयाचा हॉल अर्धा झाला होता, उरलेला अर्धा त्याच्या गुडघ्यांवर होता, आणि गुडघे हिच्या जिभेवर. पत्र तिने टॉवेलांच्या घडीत सारलं. त्याला सांगितलं की गुरुवारी हॉस्पिटलात शेवटची तपासणी आहे. तो म्हणाला, येईन की, मिठाईचा डबा घेऊन येईन त्या बाईंना.

मिठाईचा डबा! आठ वर्षांत हिला कधी चहा करून दिला असेल तर शपथ.

शुक्रवार गेला. शनिवारी तो हॉलमधून आला आणि उगाच उठाबशा काढून दाखवल्या. रविवारी बहिणीला फोन करून सुयांचं सांगितलं. सोमवारी जिन्यात धावला. ती भांडी जोरात घासत राहिली. राग कुठेतरी काढायला हवा म्हणून तिने लॉण्ड्रीत एका दिवसात दीडशे शर्टांना इस्त्री केली; मालकीण म्हणाली, तब्येत बरी आहे ना?

मंगळवारी दीर जेवायला आला. वजनं उचलून त्याचा खांदा धरला होता, घास घेतानाही तोंड वाकडं होत होतं. तिला कळवळा आला.

"जेवण झालं की तेल लावून देते हो," ती म्हणाली. "दोन दिवसांत मोकळा होईल."

"द्या वहिनी, बरं होईल," दीर म्हणाला.

नवरा हसला. तोंडात घास होता, तो गिळायचीही वाट पाहिली नाही त्याने. "तिच्या तेलाच्या नादी लागू नकोस रे. माझी आठ वर्षं त्यात फुकट गेली. आधीच सुया लावल्या असत्या तर आज—"

"खोटी होती ती सुई!"

ती उभी राहिली होती, वाढायचा चमचा हातात तसाच. "खोटी होती रे! बोथट! कातडीत गेलीच नाही कधी. तू बारा आठवडे लाकडासारखा पडून राहिलास आणि तुला कुणी काही टोचलंच नाही!" अठ्ठावीस वर्षांत त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं, ते दिरासमोर. तिने टॉवेल फराफरा ओढले, पत्र काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी आपटलं. "वाच. स्वतः वाच एकदा. दुसरं पानही वाच, काय लिहून दिलंयस ते. फरक नाही म्हणे. ह्या हातांनी फरक नाही आणि खोट्या सुईने दहापैकी दोन!"

दीर ताटाकडे बघत राहिला. नवऱ्याने हात पुसले, पत्र घेतलं आणि सावकाश, ओठ हलवत वाचलं. दोन्ही पानं. मग घडी घातली.

"जेवा तुम्ही," तो दोघांना म्हणाला आणि उठला. उठताना त्याने टेबलाची कड धरली. महिन्याभरात त्याने ती धरली नव्हती.

तिने ते पाहिलं. पण राग अजून उतरला नव्हता. दीर गेल्यावर मग तिने गुरुवारचं खरं कारण सांगितलं, बाई काय म्हणाली तेही सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. त्याने मान हलवली. नीट ऐकलंसुद्धा. पण जे अंगावर फेकून झालं होतं ते आता समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, हे तिलाही कळत होतं.

बुधवारी सकाळी तो जिना आडवा उतरला, एक पाय, मग दुसरा, हात कठड्यावर. अकराला लॉण्ड्रीत फोन आला. दीर होता. "वहिनी, दादा खाली बसलाय आणि त्याला उठता येत नाहीये."

ग्रंथालयाचा हॉल लांबलचक होता, अजून कपाटं लागायची होती, बोललं की आवाज घुमायचा. अर्ध्यात चकचकीत फरशी, अर्ध्यात उघडं काँक्रीट, आणि मधोमध नवरा भिंतीला न टेकता पाय पसरून बसलेला. शेजारी घमेल्यात कालवलेला सिमेंटचा मसाला कडक होत चालला होता. दीर एकटाच जमेल तेवढ्या फरश्या बसवत होता, रबरी हातोड्याचे ठोके घाईघाईने पडत होते. तिला पाहून त्याने हातोडा ठेवला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

"उठा," ती म्हणाली.

"येत नाही."

"परवा उठत होतात. परवा धावत होतात जिन्यात."

"परवा मला माहीत नव्हतं."

तिला त्याचा राग आला, त्याच्या गुडघ्यांचा आला, त्या किरकोळ बाईचा आला जी सगळं बरोबर बोलली होती. "अहो, काय बदललंय परवापासून? हाडं तीच, सांधे तेच. सुई तेव्हाही खोटी होती!"

"तेच सांगतोय मी त्यांना सकाळपासून," तो गुडघ्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "काही बदललेलं नाही रे बाबांनो. ऐकत नाहीत." तो चेष्टेने बोलला नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता. दहापैकी आठ, नऊ, काय असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.



"चार दिवस दम धरलास," तो म्हणाला. "दोन दिवस राहिले होते. मग बोललीस का?"

तिच्याकडे उत्तरं होती. रात्रभर जुळवली होती. खरं ते खरं. पत्र तुमच्या नावाचं होतं. तुम्ही चारचौघांत माझी किंमत काढलीत. सगळी चांगली उत्तरं होती, बसमध्ये तिने ती दोनदा घोकलीही होती.

"मला हरायचं नव्हतं," ती म्हणाली.

"कुणापुढे?"

"त्या सुईपुढे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

"जिंकलीस मग," तो म्हणाला. "आता उठव मला."

ती वाकली. दोन्ही हात त्याच्या काखेत घातले, पाय रोवले आणि जीव खाऊन ओढलं. तो जागचा हलला नाही.